रविवार मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे

शनिवारी शाळा सुटल्याची घंटा झाली म्हणजे आपल्या विद्यालयाच्या आवारात जो आनंदाचा कल्लोळ उठतो, तो ऐकून शिक्षकांच्याही मुद्रेवर हसू उमटल्यावाचून राहत नाही. उद्या रविवार! कोणी मामाच्या गावी जाण्याचे बेत करतो, कोणी चेंडूफळीचा डाव ठरवितो, कोणी सकाळी आईबापांबरोबर उपासनेस जावयाचे म्हणून कपड्यांना इस्त्री करून ठेवतो. जसा रोज सूर्य उगवतो तसाच सात दिवसांनी रविवार आपोआप उगवतो, असेच बालमनास वाटत असते. परंतु मुलांनो, आपल्या या महाराष्ट्रात हजारो माणसांना हा दिवस आपोआप मिळालेला नाही. तो मागावा लागला, त्यासाठी अर्ज करावे लागले, सभा भरवाव्या लागल्या, वर्षामागून वर्षे वाट पाहावी लागली. ज्या सत्पुरुषाने हे कार्य अंगावर घेतले त्याचे चरित्र आज थोडक्यात सांगावयाचे आहे. त्यांचे नाव नारायण मेघाजी लोखंडे.

चरित्रास आरंभ करण्यापूर्वी एका प्राचीन आज्ञेकडे लक्ष दिले पाहिजे. परमेश्वराने मोशेच्या द्वारे आपल्या लोकांस ज्या दहा आज्ञा दिल्या, त्यांत शब्बाथ दिवस पवित्रपणे पाळण्याची एक आज्ञा आहे. ही आज्ञा आपण पुष्कळांनी तोंडपाठ केलेली असते; पण तिच्यात विश्रांती कोणाकोणाला द्यावयास सांगितली आहे, हे सावकाश मोजून पाहणारे थोडे. घरच्या धन्याने काम थांबवावे एवढ्यावर ती संपत नाही. मुलगा, मुलगी, चाकर, दासी, बैल, गाढव आणि वेशीच्या आत राहणारा परका मनुष्य, या सर्वांची नावे तिच्यात आली आहेत. अनुवादाच्या पुस्तकात तर या आज्ञेचे कारणही वेगळे सांगितले आहे. तुम्ही स्वतः मिसर देशात दास होता, तेथे तुम्हांला विसावा नव्हता, हे स्मरून आपल्या हाताखालच्या माणसास विसावा द्या, असा तिचा भावार्थ आहे. म्हणजे शब्बाथ हा जसा देवाच्या आज्ञापालनाचा दिवस, तसाच तो दयेचाही दिवस होय.

ही गोष्ट आपल्या महाराष्ट्रभूमीस अगदीच अनोळखी होती असे नव्हे. कोकणच्या किनाऱ्यावर, आजच्या रायगड जिल्ह्यात, बेने इस्राएल लोक कित्येक शतके तेलाचा घाणा चालवून उदरनिर्वाह करीत असत. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारपाजारचे लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. त्या दिवशी धनीही विसावा घेई आणि घाण्याभोवती फिरणाऱ्या बैलाच्या मानेवरचे जूही उतरे. परंतु जेव्हा बैलाच्या घाण्याची जागा वाफेच्या यंत्राने घेतली, आणि त्या यंत्रापाशी माणूसच जुंपला गेला, तेव्हा त्याच्या मानेवरचे जू कोणी उतरवावयाचे? हाच प्रश्न नारायणरावांच्या आयुष्याचा प्रश्न ठरला.

नारायणरावांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे एका गरीब फुलमाळी कुटुंबात झाला. त्यांचे मूळ गाव पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातले कन्हेरसर. घरची स्थिती बेताचीच असल्यामुळे मोठ्या विद्यालयात जाऊन पदवी मिळविण्याचा योग त्यांना आला नाही. शालेय शिक्षण ठाण्यास झाले. पुढे रेल्वेच्या व टपालाच्या खात्यांत काही काळ नोकरी केल्यावर मुंबईतील मांडवी येथील कापडाच्या गिरणीत ते स्टोअरकीपर म्हणून लागले. यंत्रांचे सामान, तेल व साहित्य यांचा हिशेब ठेवावयाचा, असे हे काम. पगार नियमित आणि बसावयास सावली. अशा जागेवर बसलेला मनुष्य सामान्यतः आपल्या वह्यांवरून डोळे वर करीत नाही. नारायणरावांनी ते केले.

त्यांना काय दिसले? मुंबईत पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केली होती. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत तारदेव, परळ, भायखळा या बाजूंस धुराड्यांचे रानच उभे राहिले. कोकणातून आणि देशावरून, दुष्काळाने व कर्जाने गांजलेली कुटुंबे तेथे येऊन राहिली. काम सूर्योदयास सुरू होई आणि सूर्यास्तास थांबे. त्यामुळे उन्हाळ्यात दिवस जसजसा लांबे तसतसे कामही लांबत जाऊन १३-१४ तासांवर जाई. मध्यंतरी जेवणास निश्चित सुट्टी नसे. यंत्र चालू असतानाच भाकरीचे चार घास गिळावे लागत. कापसाचे तंतू श्वासाबरोबर छातीत जात. पगार उशिराने हाती पडे, आणि तोपर्यंत वाण्याचे व सावकाराचे देणे वाढत राही. वर्षातून काही थोड्या सणांना गिरणी बंद असे. पण त्या दिवशीही यंत्रे पुसण्यासाठी पुष्कळांना हजर व्हावे लागे. सात दिवसांनी येणारी निश्चित सुट्टी नव्हतीच. १८८१ साली सरकारने कारखान्यांचा पहिला कायदा केला. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामास लावण्याची बंदी झाली, सात ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ तासांचे काम व महिन्यास चार सुट्ट्या ठरल्या. पण त्या मुलांच्या आयांना व बापांना त्या कायद्याने एक तासही दिला नाही.

येथे एक गोष्ट ख्रिस्ती म्हणविणाऱ्या आपणा सर्वांस नम्रतेने कबूल केली पाहिजे. त्या काळी राज्य करणारे इंग्रज लोक ख्रिस्ती होते. रविवारी त्यांच्या कचेऱ्या आणि न्यायालये बंद असत, देवळांच्या घंटा वाजत, आणि राज्यातले मोठमोठे अधिकारी उपासनेस जात. त्याच वेळी त्याच शहरात गिरण्यांची धुराडी धूर ओकत असत आणि हजारो स्त्रीपुरुष यंत्रापाशी उभे असत. चाकर, दासी आणि परका या शब्दांकडे घंटा ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांचे लक्ष गेले नाही. ते ज्याचे गेले तो मनुष्य ख्रिस्ती नव्हता.

नारायणराव हे महात्मा जोतीराव फुले यांचे अनुयायी होते. जोतीरावांनी १८७३ साली पुण्यास सत्यशोधक समाज स्थापन केला. सर्व मानव एकाच निर्मिकाची लेकरे आहेत, तेव्हा त्यांच्यात उच्चनीच भाव असू नये, आणि त्या निर्मिकाची भक्ती करण्यास मध्यस्थाची गरज नाही, ही त्या समाजाची शिकवण. या समाजाच्या विचारांचा प्रसार करण्यासाठी कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यास दीनबंधू नावाचे पत्र काढले होते. पैशाअभावी ते चालेनासे झाले, तेव्हा १८८० साली नारायणरावांनी ते मुंबईस आणून त्याचे संपादकत्व स्वीकारले आणि मृत्यूपर्यंत ते चालविले. पत्राचे नावच त्यांचे व्रत ठरले. गिरणीतली सुखाची जागा सोडून ते आता गिरणीतल्या दुःखाची वार्ता लिहू लागले. शेतकऱ्यांची गाऱ्हाणी, जातिभेदाचे अन्याय, मजुरांची दैन्यावस्था यांना त्या पत्रात वाचा फुटली.

लिहिण्यावरच ते थांबले नाहीत. १८८४ साली मुंबई सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी मंडळ नेमले. त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात नारायणरावांनी परळ भागात गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि बॉम्बे मिल हॅण्ड्स असोसिएशन ही संस्था उभी केली. आजच्या कामगार संघांप्रमाणे तिच्यापाशी सभासदांची यादी नव्हती, वर्गणीचा निधी नव्हता, छापील घटनाही नव्हती. तरीही हिंदुस्थानातील कामगारांच्या संघटित चळवळीचा उगम याच संस्थेत मानला जातो. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा एक अर्ज तयार झाला. त्यातल्या मागण्या ऐकून आज आपणांस नवल वाटेल, इतक्या त्या साध्या होत्या. दर रविवारी पूर्ण दिवस सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास थांबावे. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा. आणि कामावर असता इजा झाल्यास काही भरपाई व्हावी. संपत्तीत वाटा कोणी मागितला नव्हता. थकलेल्या शरीरास एक दिवस, भुकेल्या पोटास अर्धा तास, आणि केलेल्या कामाचा दाम वेळेवर, एवढेच मागणे होते.

रविवारच का, असे कोणी विचारील. रविवार हा जेजुरीच्या खंडोबाचा वार आहे, आणि देशावरून आलेल्या पुष्कळ कामगारांचे ते कुलदैवत. हा विचारही या मागणीत होता, असे त्यांचे चरित्रकार नमूद करतात. कचेऱ्या बंद असण्याचा दिवसही तोच. येणेप्रमाणे एकाच वारी एकाचा शब्बाथ आणि दुसऱ्याचा देववार जुळून आला. परंतु नारायणरावांना या वाराचा उपयोग केवळ निद्रेसाठी करावयाचा नव्हता. कामगाराने त्या दिवशी आपल्या मुलांची तोंडे उजेडात पाहावीत, भाऊबंदांस भेटावे, चार चांगल्या गोष्टी ऐकाव्यात आणि समाजाच्या सेवेसही काही वेळ द्यावा, असे त्यांना वाटे. अंधारात घर सोडणाऱ्या व अंधारात परतणाऱ्या बापाला आपली मुले निजलेलीच दिसतात, हे दुःख त्यांना ठाऊक होते.

अर्ज गेला, चौकशी झाली, पण कायदा झाला नाही. सहा वर्षे लोटली. गिरणीमालकांचे म्हणणे असे की, अशा नियमांनी धंदा बुडेल. विलायतेतील मँचेस्टरचे कापडवाले मात्र येथे कायदा व्हावा म्हणून पार्लमेंटात खटपट करीत होते; त्यांत काहींच्या मनात दया असेल, पण मुंबईचे स्वस्त कापड महाग व्हावे हा हेतूही लपून राहिला नव्हता. त्यामुळे कामगाराचा कैवार घेणारा मनुष्य परक्या व्यापाऱ्यांच्या हातचे बाहुले आहे, असा संशय घेणे सोपे होते. नारायणरावांची स्थिती अशी अवघड होती. तथापि, चांगल्या कामास कोणी वाईट हेतूने हातभार लावला तरी काम वाईट होत नाही, हे ओळखून त्यांनी आपला मार्ग सोडला नाही.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या शर्यतीच्या मैदानावर गिरणी कामगारांची प्रचंड सभा भरली. सुमारे १०,००० लोक जमले होते. या सभेत दोन कामगार स्त्रिया बोलावयास उभ्या राहिल्या, ही गोष्ट आपल्या विद्यार्थिनींनी मुद्दाम लक्षात ठेवावी. ज्या काळी स्त्रीने चारचौघांत मान वर करणे धारिष्टाचे समजले जाई, त्या काळी या श्रमिक बायांनी दहा हजारांसमोर आपले गाऱ्हाणे मांडले. सभेत रविवारच्या सुट्टीची मागणी संमत होऊन तो अर्ज गिरणीमालकांच्या संघाकडे पाठविण्यात आला. दगडफेक झाली नाही, यंत्रे मोडली नाहीत. आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली.

त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने कारखान्यांतील मजुरांच्या स्थितीच्या चौकशीसाठी आयोग नेमला आणि मुंबईच्या चौकशीत नारायणरावांस त्यावर घेतले. एका गरीब माळ्याच्या मुलाने, ज्याने गिरणीत सामानाच्या वह्या लिहिल्या होत्या, त्याने आता कायदा कसा असावा हे सांगावयाचे, ही ईश्वराची लीलाच म्हटली पाहिजे. १८९१ साली सुधारलेला कायदा झाला व १ जानेवारी १८९२ पासून अमलात आला. त्याने कामगारांस आठवड्यातून एक दिवस सुट्टी व दुपारी अर्ध्या तासाचा विसावा दिला. स्त्रियांचे काम अकरा तासांपेक्षा अधिक नसावे असे ठरविले. आणि मुलांच्या कामाचे किमान वय नऊ केले. कागदावरची सुट्टी सर्वत्र लगेच पाळली गेली असे नव्हे. पुढेही कित्येक गिरण्यांत रविवारी सकाळी यंत्रे पुसण्यास माणसे बोलावली जात. दयेचा कायदा करता येतो, पण धन्याच्या अंतःकरणात दया उत्पन्न करणे कायद्याच्या हाती नसते.

नारायणरावांची दया केवळ गिरणीपुरती नव्हती. त्या काळी विधवा स्त्रियांचे केस बळाने काढीत असत. १८९० सालीच त्यांच्या प्रेरणेने मुंबईतील नाभिक बांधवांनी सभा भरवून, हे क्रूर काम आपण यापुढे करणार नाही, असा निश्चय केला. १८९३ साली मुंबईत हिंदू व मुसलमान यांच्यात भयंकर दंगा उसळला, तेव्हा दोन्ही समाजांत सलोखा व्हावा म्हणून ते झटले. सरकारने त्यांस रावबहादूर ही पदवी दिली. पण ज्या मनुष्याला मोठ्या पदव्या मिळतात तो हळूहळू लहान माणसांपासून दूर जातो, हा जगाचा अनुभव त्यांच्या बाबतीत खोटा ठरला.

त्याची परीक्षा लवकरच झाली. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात, म्हणजे जेथे त्यांनी पूर्वी नोकरी केली त्याच वस्तीत, ग्रंथिज्वराची साथ प्रथम प्रकट झाली. लोक शहर सोडून पळू लागले. ज्याला गाव होते तो गावी गेला, ज्याला पैसा होता तो हवा पालटण्यास गेला. नारायणराव राहिले. रोग्यांच्या शुश्रूषेची व्यवस्था लावण्यात ते गुंतले असताच त्यांना त्याच रोगाने गाठले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. वय पन्नासही पुरे नव्हते. एकाच महिन्याने, १० मार्च रोजी, सावित्रीबाई फुले यांनीही पुण्यास प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत असता देह ठेवला. दुसऱ्यांस विसावा मिळवून देणाऱ्यास स्वतःस विसावा मिळाला तो असा. २००५ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले. टपाल खात्यात एकेकाळी चाकरी केलेल्या मनुष्याचे चित्र टपालावरून देशभर फिरले.

मुलांनो, आता या चरित्राचा बोध आपण आपल्या घराशी लावून पाहू. प्रभू येशू ख्रिस्ताने शब्बाथ दिवशी सभास्थानात वाळलेल्या हाताच्या मनुष्यास बरे केले, तेव्हा परूश्यांस राग आला. नियम मोडला गेला असे त्यांना वाटले. परंतु दुःखी मनुष्यास मोकळे करणे हाच त्या दिवसाचा खरा उपयोग, हे प्रभूने कृतीने दाखविले. शब्बाथ मनुष्यासाठी आहे, ही त्याची शिकवण आपण मानतो. मग विचारावयाचा प्रश्न एवढाच की, आपल्या रविवारने आपल्याखेरीज आणखी कोणाचा भार हलका होतो?

हा प्रश्न मी प्रथम स्वतःस विचारला आणि मला लज्जा वाटली. वर्षानुवर्षे आमच्या घरी रविवार पाळला जात आहे. सकाळी उपासना, दुपारी पाहुणे, सायंकाळी भजन. आमच्याकडे धुणीभांडी करणारी बाई मात्र त्या दिवशीही येत असे. किंबहुना पाहुण्यांमुळे त्या दिवशी तिला भांडी अधिक पडत. मुलांना शब्बाथाची आज्ञा मी मुखोद्गत करून घेत असे आणि त्याच वेळी अंगणातून भांड्यांचा आवाज येत असे. दासी हा शब्द मी उच्चारीत होतो, ऐकत नव्हतो. हे चरित्र लिहावयास घेतल्यावर आम्ही घरात विचार केला. आता रविवारी ती येत नाही, आणि तिच्या पगारातून त्याबद्दल काही कापले जात नाही. कारण दाम कापून दिलेली सुट्टी ही अर्धीच दया होय. भांडी आम्ही व मुले मिळून घासतो. पहिल्या दोन आठवड्यांत कुरकुर झाली, आता होत नाही.

आपली मुकुंदवाडी ही श्रम करणाऱ्यांची वस्ती आहे. येथील कित्येक विद्यार्थ्यांचे वडील चिकलठाण्याच्या कारखान्यांत पाळीवर जातात. कित्येकांच्या आया घरोघरी काम करतात. कोणी हमाली करतो, कोणी हातगाडी लावतो. कारखान्यात लागलेल्यांना आठवड्याची सुट्टी मिळते, मग ती रविवारी असो वा अन्य वारी. तिचा पाया नारायणरावांनी घातला आहे, हे तुम्ही घरी जाऊन आपल्या वडिलांस सांगा. परंतु ज्यांची नावे कोणत्याही हजेरीपटावर नाहीत, त्यांना सुट्टी देणारा कायदा दारापर्यंत पोहोचत नाही. तेथे आपण पोहोचले पाहिजे. आपला शेतकरी पोळ्याच्या दिवशी बैलास न्हाऊ घालतो, सजवितो आणि त्याच्या खांद्यावर जू ठेवीत नाही. मुक्या प्राण्याविषयी ज्या समाजाला एवढी जाणीव आहे, त्याला आपल्या घरच्या मोलकरणीची, दुकानातल्या पोराची, गाडी ओढणाऱ्याची जाणीव होणे कठीण नसावे.

पालकांसही एक विनंती आहे. सुट्टीच्या दिवशी मुलांकडून धडे पाठ करून घ्या, उपासनेस न्या, हे योग्यच. पण त्या दिवशी घरातील आईलाही थोडा विसावा मिळतो की नाही, हे अवश्य पाहा. रविवारी चार पदार्थ अधिक हवेत असा हट्ट धरणाऱ्या घरात सर्वांचा शब्बाथ होतो आणि तिचा मात्र होत नाही. मुलींनी एकटीने नव्हे, तर मुलांनीही त्या दिवशी केरवारा व पाणी करावे.

नारायणराव लोखंडे यांनी आपणांस नवा देव शिकविला नाही, की नवा धर्म स्थापन केला नाही. आपल्या शेजारी उभा असलेला मनुष्य थकला आहे, एवढे त्यांनी पाहिले, आणि त्याच्यासाठी एक दिवस मागितला. तो मागताना आपण एका फार जुन्या दैवी आज्ञेचे पालन करीत आहो, असे कदाचित त्यांच्या मनातही आले नसेल. परंतु जो पिता अंतःकरणे पाहतो, त्याने ते पाहिले असेल, अशी माझी श्रद्धा आहे. येत्या रविवारी आपण सकाळी गुडघे टेकाल तेव्हा या सत्पुरुषाचे कृतज्ञतेने स्मरण करा. आणि प्रार्थना संपवून उठल्यावर, आपल्या घरात त्या क्षणी कोण काम करीत आहे, हे एकदा वळून पाहा.